शेठची वही आणि सरांचं रोम

उत्तरकालीन रोमन साम्राज्याचे कायदे मी वसईत शिकलो आणि ते माझ्या कामी आले तहसील कचेरीत, वीटभट्टीवरच्या मजुरांचे जबाब होताना. रोमचा आणि वीटभट्टीचा काय संबंध, असं बरोबरचे वकील विचारतात. तो संबंध ज्यांनी मला दाखवला त्या सरांचं माझ्यावर ऋण आहे. हयातीत त्यांनी आपलं नाव कुठे येऊ दिलं नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर लेख लिहायला घेतला, तर तो त्यांनी अर्ध्यावर थांबवला. म्हणून इथेही मी त्यांना नुसतं सरच म्हणणार आहे.

सर वसईच्या पश्चिमेकडचे, ख्रिस्ती वाडीतले. घरी केळी, पानवेली, विहिरीवर पंप. तरुणपणी धर्मगुरू व्हायचं म्हणून सेमिनरीत गेले, तिथे लॅटिन शिकले आणि दीक्षा न घेताच परत आले. का परत आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. वाडी भावाने सांभाळली. सरांनी इतिहास शिकवला आणि लॅटिन पुढे एकाच विषयासाठी वापरलं. चौथ्या-पाचव्या शतकातल्या रोमन जगात गुलाम आणि मोकळा शेतकरी या दोघांच्या मधे जो माणूस उभा होता, त्याच्यावर नेमकी कोणाची सत्ता होती, हा त्यांचा विषय.

मी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाचा. तुंगारेश्वरच्या डोंगरापलीकडे, उसगावच्या बाजूला आमचा पाडा. आम्ही वारली. माझे बाबा लग्नगडी होते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्नाला तांदूळ लागतात, लुगडं लागतं, पाहुण्यांना जेवण लागतं. हातात पैसा नसायचा. तो शेठ द्यायचा, आणि तो फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. पावसाळ्यात लावणी, दिवाळी झाली की गवत कापणी, उन्हाळ्यात शेठ सांगेल तिथे. आईने गोठा आणि घरकाम. मजुरीच्या नावाने जे काही होतं ते वहीत जमा व्हायचं आणि पावसाळ्यात दिलेली खावटी त्याच वहीत नावे पडायची. बाबांना लिहितावाचता येत नव्हतं. वर्षाच्या शेवटी शेठ एक आकडा सांगायचा. तो दरसाल थोडा वाढलेलाच असायचा. माझा मोठा भाऊ गुरांमागे जायला लागला तो त्याच आकड्यापोटी.

वेठबिगार बंद करणारा वटहुकूम २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाला, १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. आमच्या पाड्यावर त्याची खबर पोचायला कितीतरी वर्षं गेली. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित आमच्या तालुक्यातल्या दहिसर गावात (बोरिवलीपलीकडचं दहिसर वेगळं) काम करायला आले, १९७९ मध्ये विधायक संसद आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली, आणि मग पाड्यापाड्यांवर माणसं दबक्या आवाजात विचारू लागली की असा कायदा आहे म्हणतात, खरं का. बाबा सुटले ते त्याच लाटेत. हातात मुक्तीचा दाखला आला. पुनर्वसनाची मदत तेव्हा माणशी ४,००० रुपये होती. ती पुष्कळ उशिरा, हप्त्याहप्त्याने मिळाली आणि तिच्यातून बैलजोडी आली.

दाखला मिळाल्यावरही बाबा कित्येक महिने शेठच्या दारावरून जाताना चप्पल हातात घ्यायचे. आई रागवायची. बाबांचा एकच प्रश्न होता, वहीतला आकडा कोणी खोडला का? कायद्याच्या सहाव्या कलमाने ते कर्ज संपलं होतं. पण वही शेठच्या कपाटातच होती आणि बाबांच्या लेखी आकडाही तिथेच होता.

हे सगळं पोटात घेऊन मी आश्रमशाळेतून वसईच्या कॉलेजात आलो. वर्गात मागच्या बाकावर बसायचो. एक दिवस सर कॉन्स्टंटाइनचा सन ३३२ चा कायदा सांगत होते. दुसऱ्याच्या जमिनीवरचं कूळ ज्याच्याकडे सापडेल त्याने ते मूळ मालकाकडे परत पाठवावं, आणि कूळ पळून जायच्या बेतात आहे असं दिसलं तर त्याला गुलामासारखं साखळदंडात घालावं, असा तो हुकूम. मी एरवी तोंड उघडत नसे. त्या दिवशी उभा राहून म्हणालो, "सर, आमच्याकडं साखळी लागत नव्हती." वर्गात दोघेतिघे हसले. सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "मग काय लागत होतं?"

"वही."

तास संपल्यावर ते मला घरी घेऊन गेले. ओटीवर बसवून चहा दिला आणि विचारत राहिले. वही कोण लिहायचं, कधी लिहायचं, कोणासमोर. आकडा कोण सांगायचा. बाबांनी कधी उलट विचारलं होतं का. विचारलं तर काय झालं असतं. मी एका मोठ्या माणसासमोर इतका वेळ बोललो तो आयुष्यात पहिल्यांदाच, आणि मी बोलत असताना ते लिहून घेत होते. आमच्या पाड्यावरची गोष्ट लिहून ठेवण्याजोगी असते हे मला त्या ओटीवर कळलं. त्यांच्या ऋणाची सुरुवात तिथली.

सरांचा अभ्यास कसा चालायचा ते सांगितलं पाहिजे. पगारातला मोठा वाटा पुस्तकांत जायचा. जे विकत घेणं शक्य नसे त्यासाठी सुट्टीच्या दिवशी वसई रोडहून गाडी पकडून चर्चगेट, तिथून एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. उतारे हाताने उतरवायचे, डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर मराठी. ए. एच. एम. जोन्सचा रोमन कुळांवरचा १९५८ चा निबंध त्यांनी अख्खा उतरवून घेतला होता. १९८० मध्ये मोझेस फिन्लीचं प्राचीन गुलामगिरीवरचं पुस्तक आलं. त्यानंतर फ्रान्समधून कारिए नावाच्या अभ्यासकाने जमिनीला बांधलेल्या कुळांची ही संस्था म्हणजे इतिहासकारांनी रचलेली कल्पना आहे, अशी मांडणी केली. सर त्यावर आठवडेच्या आठवडे अस्वस्थ होते. अगदी उतारवयात, २०११ मध्ये काइल हार्परचं उत्तर रोमन काळातल्या गुलामगिरीवरचं जाडजूड पुस्तक निघालं, तेही त्यांनी मागवलं. हार्परच्या अंदाजाने चौथ्या शतकात साम्राज्यात पन्नास लाखांच्या आसपास गुलाम होते, म्हणजे साधारण दर दहा माणसांत एक. गुलामगिरी तेव्हा मावळत होती हा जुना समज त्याने मोडीत काढला. सर भिंग घेऊन ते पुस्तक वाचायचे आणि मला फोन करून सांगायचे की अमुक पान बघ.

या सगळ्या वादात सरांचं स्वतःचं म्हणणं साधं होतं आणि मला ते आजही बरोबर वाटतं. माणसाला कायद्याने काय म्हटलंय यावर फार वेळ घालवू नये. त्याला नाही म्हणता येतं का, आणि तो नाही म्हणाला तर त्याच्या घरी काय होतं, ते शोधावं. थ्रेस प्रांतासाठी ३९३ च्या सुमाराला काढलेला एक कायदा ते पुन्हापुन्हा दाखवायचे. कुळं जन्माने मोकळी आहेत असं तो आधी म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो की ज्या जमिनीवर ती जन्मली त्या जमिनीचे गुलाम त्यांना समजावं. सहाव्या शतकात जस्टिनियननेही विचारलं की दोघंही मालकाच्याच ताब्यात असतील तर गुलामात आणि अशा कुळात फरक तो कोणता. "बघ, सम्राटालाही उत्तर येत नाही," सर म्हणायचे. आणि रोममध्ये तर कर्जापोटी माणूस बांधून ठेवायला या कायद्यांच्या सातशे-आठशे वर्षं आधीच, इ.स.पू. ३२६ च्या सुमाराला, बंदी झाली होती. रोमन इतिहासकार लिव्ही त्या बंदीची गोष्ट सांगतो. एका तरुण कर्जदाराला सावकाराने फटके मारले, तो रस्त्यावर धावत आला, लोक खवळले आणि कायदा झाला. कायदा झाला, पुढे माणसं दुसऱ्या नावाने बांधली गेली. १९७६ च्या कायद्यानंतरचा आमचा तालुका पाहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

पण मला सगळ्यांत लागलेली गोष्ट एका पत्राची. संत ऑगस्टीनची काही हरवलेली पत्रं योहानेस दिव्याक नावाच्या संशोधकाला सापडली आणि १९८१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एका पत्रात ऑगस्टीन आपला मित्र अलिपियस याला कळवतो की आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचे व्यापारी इतके माजले आहेत की प्रांत रिकामा व्हायची वेळ आली आहे. लेकरांना ठरावीक वर्षांसाठी राबायला देण्याची कायद्याने मुभा होती, पंचवीस वर्षांपर्यंत. व्यापारी त्यांनाही कायमचे गुलाम म्हणून समुद्रापार विकत होते. ऑगस्टीन जिथे बिशप होता त्या हिप्पो गावातल्या ख्रिस्ती लोकांनी जवळपास एकशेवीस माणसं सोडवली. त्यांतल्या एका मुलीला ऑगस्टीनने स्वतः विचारलं, तुला कुठून नेलं? ती म्हणाली, घरातून, आईबापांच्या देखत.

आणि त्याच पत्रात एक वाक्य येतं. हिप्पोमधली एक बाई डोंगरातल्या बायकांना लाकडं विकत घेते असं सांगून बोलवायची, घरात कोंडायची, मारायची आणि विकून टाकायची.

सरांनी हे मला मराठीत वाचून दाखवलं तेव्हा मी ताडकन उठून ओटीवरून अंगणात गेलो. माझी आई मोळी घेऊन डोंगर उतरायची. पहाटे निघायचं, डोक्यावर मोळी, कमरेला विळा. गावात एक घर ठरलेलं असायचं. तिथे मोळी टाकली की पैसे नंतर, आधी अंगण सारवून जा, भांडी घासून जा. जंगलखात्याची भीती घालून मोळी फुकटात ठेवून घ्यायचे तेही होतेच. आईला कोणी विकलं नाही. पण सोळाशे वर्षांपूर्वी दुसऱ्या खंडात डोंगरातल्या बायका लाकडं घेऊन गावात उतरत होत्या, दार कुठलं आणि आत काय होईल याचा अंदाज घेत चालत होत्या, आणि त्यांची नोंद एका बिशपने ठेवली, हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. सर बाहेर आले नाहीत. मला हवा तेवढा वेळ त्यांनी दिला, मग पुढचं पान वाचलं.

ते पत्र तिथेच संपत नाही, हेही सरांनीच लक्षात आणून दिलं. व्यापाऱ्यांच्या पाठीशी मोठी माणसं होती आणि सोडवलेल्यांना परत मागायला ती उभी राहिली. सम्राट होनोरियसच्या कायद्यात अशा व्यापाऱ्यांना शिशाच्या गोळ्या लावलेल्या चाबकाने फटके देण्याची शिक्षा होती. ऑगस्टीनला कायदा हवा होता, फटके नको होते, कारण माणसं त्याने मरतात. एका पत्रात इतकं सगळं. सर भाविक माणूस, दर रविवारी मिस्साला जाणारे, पण ऑगस्टीनची भलामण त्यांनी कधी केली नाही. हाच माणूस दुसरीकडे गुलामगिरी हे पापाचं फळ म्हणून समजावून सांगतो, हे ते तितक्याच ठामपणे दाखवायचे, आणि निस्साच्या ग्रेगरीने त्याआधीच, चौथ्या शतकात, माणूस विकत घेणाऱ्याला थेट जाब विचारला होता तो त्याच्या शेजारी ठेवायचे.

रोम दूर आहे असं त्यांनी आम्हाला वाटू दिलं नाही. नालासोपाऱ्याच्या स्तूपावर सहल काढली तेव्हा तिथेच उभं राहून त्यांनी सांगितलं की पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात सोपाऱ्याचं नाव आहे आणि त्याच ग्रंथात भडोचच्या राजासाठी गाणारी मुलं आणि देखण्या मुली जहाजाने आणल्या जात असं लिहिलंय. अशोकाच्या नवव्या आज्ञेचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला. त्या आज्ञेत दासांशी आणि चाकरांशी नीट वागावं असं सांगितलंय, म्हणजे दास होतेच. पोर्तुगीजांच्या वसईबद्दल, १५३४ ते १७३९ च्या किल्ल्यातल्या घरगुती गुलामांबद्दलही ते बोलायचे; आपल्याच लोकांना ते आवडणार नाही हे ठाऊक असून बोलायचे. मला वाचायला त्यांनी दिलं ते मात्र आधी मराठी. फुल्यांचं १८७३ चं 'गुलामगिरी', गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांनी वेठ नाकारली ती हकिगत मी आमच्या माणसांकडून अर्धीमुर्धी ऐकली होती. ती पुस्तकात सलग वाचली तेव्हा छाती भरून आली.

पुढे मी वकील झालो. त्याची फीही सरांनी भरली, पण त्या पैशाचा विषय त्यांनी काढू दिला नाही आणि मीही तो इथे लांबवत नाही. त्याहून मोठी गोष्ट त्यांनी दिली ती कामातली.

आता लग्नगडी उरला नाही, बयाणा उरला आहे. श्रावण-भादव्यात घरातलं धान्य संपतं तेव्हा मुकादम येतो, जोडप्याला उचल देतो, आणि दसरा-दिवाळीनंतर ते जोडपं पोरांसकट भट्टीवर जातं. पाऊस येईपर्यंत तिथेच भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीत, राहायचं. आठवड्याला खर्ची मिळते, विटांच्या हजारांचा हिशेब हंगाम संपल्यावर. हिशेबात बयाणा फिटला नाही तर पुढच्या हंगामाला त्याच भट्टीवर. पोरांच्या शाळेचं काय होतं ते उसगावकडच्या लोकांना ठाऊक होतं, म्हणून तर विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या.

जिल्ह्यातल्या एका कचेरीत पहिल्यांदा अशा चौकशीला बसलो तेव्हा साहेबांनी मजुराला विचारलं, तुला कोंडून ठेवतात का? नाही. मारतात का? नाही. बाजाराला जाऊ देतात का? देतात. झालं, वेठबिगारी नाही, असं लिहायला त्यांनी पेन टेकवलं. मला सरांची ओटी आठवली. मी परवानगी मागून विचारलं, वही कोणाकडे असते? मालकाकडे. तुम्हाला दाखवतात? नाही. हजारी भाव किती ठरला? ते शेवटी सांगतात. शेजारच्या भट्टीवर जास्त भाव मिळाला तर जाल का? तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, कसा जाणार, बयाणा यांचा आहे. बाजाराला जाताना बायको बरोबर येते का? नाही, एकानं मागं राहावं लागतं.

साहेबांनी पेन उचललं. कायद्याचं पंधरावं कलम सांगतं की हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोची. सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात, डिसेंबर १९८३ मध्ये, सक्तीने राबवून घेतलं जात असेल तर ते उचलीपोटीच आहे असं धरून चालावं, असं म्हटलं आहे. हे सगळं पुस्तकात होतं आणि मला पाठ होतं. पण कुठला प्रश्न विचारला म्हणजे त्या कलमापर्यंत पोचता येतं, ते मला थ्रेसच्या कुळांनी आणि सरांनी शिकवलं. त्या दिवशी दाखले निघाले. सगळ्याच वेळी निघत नाहीत. उलट जबाब फिरवले जातात, मुकादम नात्यातलाच निघतो, माणसं रातोरात दुसरीकडे हलवली जातात.

सरांना मी ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी एकच मागणी केली. बाबांना भेटायचं आहे म्हणाले. तोवर बाबा थकले होते. सर विरार-वज्रेश्वरी एसटीने आले, पुढे पायवाटेने आमच्या पाड्यावर. कारवीच्या कुडाला टेकून दोघे म्हातारे बसले. सरांनी शंभर पानी वही काढली आणि विचारलं, तुमची हकिगत लिहून घेऊ का? बाबांनी वहीकडे पाहिलं आणि नको म्हणाले. सर काही बोलले नाहीत. वही पिशवीत ठेवली, आईने केलेली भाकरी खाल्ली, भाताबद्दल, बैलांबद्दल बोलले. निघायची वेळ झाली तेव्हा बाबाच म्हणाले, लिहा, पण प्रत्येक ओळ लिहिली की मला वाचून दाखवायची. चुकलं तर खोडायची.

सर त्या रात्री मुक्कामाला राहिले. दिव्याच्या उजेडात ते लिहीत होते, वाचून दाखवत होते आणि बाबा दुरुस्त करत होते. लग्नाला किती तांदूळ आणला होता यावर ते दोनदा अडले, आईला हाक मारून विचारलं, आकडा बदलून घेतला. शेठचं नाव नको म्हणाले, ते खोडायला लावलं. बाबांच्या सगळ्या आयुष्यात कुणी त्यांच्याबद्दल काही लिहून त्यांना वाचून दाखवलं ते त्या रात्री. सकाळी बाबा सरांना रस्त्यापर्यंत सोडायला आले, आणि एसटी येईस्तोवर दोघे उभे होते.

ती वही सरांनी आपल्या कपाटात जोन्सच्या निबंधाच्या प्रतीशेजारी ठेवली. बाबा गेले, मग काही वर्षांनी सर गेले. त्यांच्या भाच्याने कपाट उघडून दिलं आणि म्हणाला, यातलं तुला हवं ते ने. मी हस्तलिखितं घेतली. डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर मराठी, आणि मधे बाबांची शंभर पानी. ते सगळं टाइप करून घ्यायचं काम आता चालू आहे. लॅटिन जुळवायला एक तरुण फादर मदत करतात. सरांचं नाव घालायचं की नाही यावर आमचा अजून निर्णय झालेला नाही.

चौकशीला बसलो की मी एक हट्ट धरतो, साहेब कोणीही असोत. जबाब लिहून झाला की तो मजुराला ओळीओळीने वाचून दाखवायचा, चुकलं असेल ते त्याच्यासमोर खोडायचं, आणि मग अंगठा. कारकून कुरकुरतात, उशीर होतो म्हणतात. मागच्या हंगामात एका कातकरी बाईने आपला जबाब तीन ठिकाणी बदलून घेतला, आणि त्यातल्या एका दुरुस्तीत भट्टीवरची आणखी दोन जोडपी निघाली, जी कागदावर कुठेच नव्हती.